गिटार: सुताराचं वाद्य

आपल्या बोलण्यात चावी आहे, बिजागरी आहे, घमेलं आहे, बटाटा, पगार आणि लिलावही आहे. हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आले. दाराला बिजागरी बसवणारा आपल्याकडचा सुतार दिवसातून दहा वेळा पोर्तुगीज बोलतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. गिटार हा शब्द मात्र त्यांच्याकडून आपल्याकडे आला नाही. तो इंग्रजीतून, मुंबईमार्गे आणि फार उशिरा आला.

गेली दोन वर्षं मी घराच्या पडवीत एक लहान गिटार बनवत होतो. स्मरणिकेच्या संपादक मंडळानं निवृत्तीनंतरच्या छंदावर चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. पण काम करता करता जे वाचलं, पाहिलं, विचारलं, ते छंदापेक्षा अधिक सांगण्यासारखं निघालं. गिटार बनवणाऱ्यांच्या इतिहासात मागे मागे जावं, तर जिथे तिथे सुतारच भेटतात. मग प्रश्न पडला की ज्या किनाऱ्यावर पोर्तुगीज दोनशेहून अधिक वर्षं राहिले आणि ज्या किनाऱ्यावर चांगल्या सुतारांची कधी वाण नव्हती, तिथे हे वाद्य आपलं का झालं नाही? आपण सगळे याच किनाऱ्यावर वाढलो, म्हणून हा प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो.

रेवदंड्याच्या कोटात आपण शाळेच्या सहलीला गेलो होतो. समुद्राच्या बाजूची तटबंदी आणि सातखणी मनोरा सगळ्यांना आठवत असेल. इतिहासाच्या पुस्तकात त्या कोटाला जेमतेम दोन ओळी मिळाल्या होत्या, म्हणून थोडी उजळणी करतो. चौल हे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं नावाजलेलं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात उतरला तो चौललाच. 1508 मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगीजांची मोठी आरमारी लढाई झाली आणि तीत त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. 1521 मध्ये अहमदनगरच्या निजामशहाकडून परवानगी मिळवून त्यांनी इथे किल्ला बांधायला घेतला. पुढे 1570-71 मध्ये त्याच निजामशाहीनं त्या कोटाला वेढा घातला, पण कोट पडला नाही. खाडीपलीकडचं कोर्लईचं टेकाड 1594 मध्ये त्यांच्या हाती गेलं. शेवटी, वसई पडल्यानंतरच्या वर्षी, म्हणजे 1740 मध्ये, चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. हा एकूण हिशोब दोनशे एकोणीस वर्षांचा होतो.

त्या काळात पोर्तुगालमध्ये 'व्हिओला' हे घरोघरी वाजणारं वाद्य होतं. नावावरून व्हायोलिनचा भास होतो, पण ही गिटारच्या घराण्यातली. तिला आतड्याच्या तारा जोडीजोडीनं लावत. पोर्तुगीज जहाजांबरोबर ती ब्राझीलला गेली, मदेइरा बेटावर गेली, गोव्यात आली. लिस्बनमध्ये ती बनवणाऱ्यांचा वेगळा व्यवसायच होता. 1572 मध्ये त्या शहरातल्या कारागिरांचे नियम लिहून काढले गेले, त्यांत या वाद्यकारांचेही होते. धंदा मांडायचा तर आधी परीक्षकांसमोर वाद्य करून दाखवावं लागे.

लिस्बनच्या बेलशिओर दियास या कारागिरानं 1581 मध्ये केलेलं एक वाद्य आज लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या संग्रहात आहे. चौलचा वेढा उठून तेव्हा दहाच वर्षं झाली होती. ते वाद्य आजच्या गिटारीपेक्षा बरंच लहान आहे आणि त्याच्या तारेची लांबी साधारण 55 सेंटीमीटर भरते. आज आपण मोठी गिटार ही खरी गिटार समजतो आणि लहान दिसली की ती मुलांची म्हणतो. इतिहासात क्रम उलटा आहे. गिटार आधी लहानच होती, मोठी झाली ती एकोणिसाव्या शतकात. मी लहान गिटार करायला घेतली त्याचं हेही एक कारण. तिच्या तारेची लांबी 58 सेंटीमीटर ठेवली आहे.

आता कोर्लईकडे वळू. मराठ्यांचा झेंडा लागून आज दोनशे ऐंशीहून अधिक वर्षं झाली, तरी कोर्लईत पोर्तुगीजातून घडलेली एक वेगळी बोली अजून घराघरात बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपासच असतील. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी 1996 मध्ये त्या बोलीवर आख्खा ग्रंथ लिहिला. एवढ्याशा गावात, चारी बाजूंनी मराठी असताना, बोली टिकली. भाषेला बाहेरून काही आणावं लागत नाही. आई मुलाशी बोलली की तेवढं पुरतं.

वाद्याचं तसं नसतं. जुन्या पद्धतीचं वाद्य सरसानं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदानं, जोडलेलं असतं. कोकणातला पाऊस चार महिने चालतो आणि त्या दिवसांत हवेतली ओल टक्केवारीत पंचाऐंशीच्या वर जाते. सरस मऊ पडतो, सांधे सुटतात, लाकूड फुगतं, आतड्याच्या तारा तुटतात. यातून वाचलं ते वाळवीच्या तोंडी जातं. अशा हवेत वाद्य पिढ्यान् पिढ्या जिवंत ठेवायचं तर ते सोडवून पुन्हा जोडणारा कारागीर हाकेच्या अंतरावर हवा. वाजवणारा आणि बनवणारा यांचा शेजार असेल तर वाद्य गावात रुजतं. नाहीतर ते पाहुणं म्हणून येतं आणि निघून जातं.

हा शेजार जिथे जुळला त्या जागा पाहू. आजच्या शास्त्रीय गिटारीचा आकार ठरवला तो स्पेनच्या अंतोनियो द तोरेस यानं. त्याचा जन्म 1817 चा. बाराव्या वर्षी तो सुतारकाम शिकायला लागला आणि गिटार त्यानंतर आली. त्याचं सारं लक्ष गिटारीच्या वरच्या पाटीवर असे. आवाज पाटीतून येतो, कडा आणि पाठ दुय्यम, असं त्याचं मत होतं. ते पटवून देण्यासाठी 1862 मध्ये त्यानं एक गिटार अशी केली की तिची पाटी लाकडाची, पण कडा आणि पाठ चक्क कागदाच्या लगद्याची! ती आज बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. तोरेसच्या जवळ हुलियान आर्कास होता, नंतर फ्रान्सिस्को तार्रेगा होता. हे त्या काळातले मोठे वादक. ते वाजवून सांगत आणि तोरेस पुढच्या गिटारीत फरक करी.

दुसरी जागा जर्मनीतलं मार्कनॉयकिर्खेन हे गाव. तिथे व्हायोलिन बनवणाऱ्यांचा संघ होता आणि लाकडी सामान बनवणाऱ्या सुतारांचा वेगळा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिटार लोकप्रिय झाली आणि सुतार ती बनवू लागले. व्हायोलिनवाल्यांनी तक्रार केली की वाद्य बनवण्याचा हक्क आमचा, सुतारांनी खुर्च्या-कपाटं करावीत. हे भांडण 1826 मध्ये झालं, 1832 मध्ये पुन्हा झालं. सुतारांचं म्हणणं साधं होतं: तुमच्या संघाच्या नियमांत गिटार हा शब्दच नाही. निकाल सुतारांच्या बाजूनं लागला. त्या सुतारांच्या गटात मार्टिन नावाचं एक घराणं होतं. त्यातला ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन 1833 मध्ये अमेरिकेला गेला. मार्टिन गिटार हे आज जगभर माहीत असलेलं नाव, आणि त्याच्या मुळाशी रंध्याची खटपट आहे.

तिसरी जागा हवाई बेटं. 23 ऑगस्ट 1879 च्या सुमारास 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज मदेइराहून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. त्यांत मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे होते. तिघेही लाकडी सामान बनवणारे कारागीर. मदेइरात 'माशेत' नावाची चार तारांची चिमुकली गिटार असते. ती त्यांनी हवाईच्या कोआ लाकडात करायला सुरुवात केली. राजा कालाकाउआनं तिला दरबारात जागा दिली. थोड्याच वर्षांत ती हवाईची स्वतःची होऊन गेली. तीच उकुलेले. पोर्तुगीज घराण्यातलं वाद्य, स्थानिक लाकूड, सुताराचा हात आणि वाजवणाऱ्यांची चाहत. या चार गोष्टी जुळल्या आणि वाद्य परकं राहिलं नाही.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण मिरजेचं. तिथले सतारकार मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम संपत आलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि त्यांच्या भावानं तंबोरे-सतारी बनवायला घेतल्या. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, तेव्हा तर गाणारा आणि घडवणारा एकाच गावात नांदू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लोखंडावर चालणारा हात भोपळ्यावर आणि तुणीच्या लाकडावर चालू लागला तो गिऱ्हाईक दाराशी होतं म्हणून.

आता आपला किनारा. इथल्या सुतारांच्या हाताला कमी म्हणणं हे पाप होईल. शिवाजी महाराजांनी 1659 च्या सुमारास कल्याण-भिवंडी भागात जहाजं बांधायला घेतली, तेव्हा रुय लैताव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज त्या कामावर होता. म्हणजे एकाच सागवानावर पोर्तुगीज आणि आपला सुतार शेजारी शेजारी काम करत होते. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात गुराबा आणि गलबतांनी कुलाब्याचा समुद्र भरून गेला. वाकडी फळी वाकड्या फासळीवर पाणी शिरणार नाही अशी बसवणं हे गिटारीच्या कामापेक्षा सोपं नाही. पण या हातांना समुद्रानं काम दिलं. मासेमारीला होडी हवी, मालाला गलबत हवं, सरदाराला लढाऊ जहाज हवं. वाद्यासाठी दाराशी कुणी उभं नव्हतं. माझ्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर एवढंच आहे: हुन्नर होता, गिऱ्हाईक नव्हतं.

गिटार दुसऱ्यांदा आली ती विसाव्या शतकात, आणि आली ती पलीकडच्या मुंबईतून. हॉटेलांमधले जॅझचे वाद्यवृंद, हिंदी सिनेमातले गोव्याचे वादक, चित्रपटसंगीतातली व्हॅन शिप्ली यांची इलेक्ट्रिक गिटार, या वाटेनं ती आपल्या कानांवर पडू लागली. 'दम मारो दम' 1971 मध्ये आलं, तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो. त्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची, हे आपल्याला फार नंतर कळलं. कुणाच्या थोरल्या भावानं भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं गिटार आणली, की रेवसपासून घरापर्यंत पोरांची मिरवणूक निघायची. ती वाजायची एक-दोन वर्षं. मग मान वाकायची, घोडी उखडायची आणि गिटार कपाटावर जायची. दुरुस्त करणारा मुंबईत, आणि तिथे नेण्याइतका पैसा किंवा वेळ कुणाकडे नसायचा. चौलच्या काळातली अडचण आपल्या डोळ्यांदेखत तशीच चालू होती.

आता माझ्या पडवीतलं काम. साहित्याची जमवाजमव करतानाच एक गंमत लक्षात आली. ज्या वाद्याला आपण परदेशी म्हणतो, त्यातलं अर्धं सामान पूर्वीपासून आपल्याकडचंच आहे. पाठीला आणि कडांना शिसव हे गिटारकारांचं आवडतं लाकूड. पूर्वी ते ब्राझीलचं वापरत. ब्राझीलनं ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर मार्टिन कंपनी 1969 पासून भारतीय शिसवावर आली, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या रांगेत वाढणाऱ्या जातीवर. 2017 पासून शिसवाच्या साऱ्या जातींच्या जागतिक व्यापारावर नियंत्रण आलं. तयार वाद्यांना त्यातून 2019 मध्ये सूट मिळाली. मी नवीन शिसव घेतलंच नाही. जुन्या पलंगाचा एक पाय घरात पडून होता, त्यातून बोटांची पट्टी आणि घोडी निघाली. पाठ आणि कडा शिवणीच्या. शिवण हलकी, कामाला मऊ आणि ओल-कोरड्यात कमी हलणारी, म्हणून आपल्याकडे वाद्यांसाठी ती पूर्वापार वापरतात. मान सागवानाची. फक्त वरची पाटी बाहेरची, स्प्रूसची. ती मुंबईहून मागवली.

पाटी दोन फळ्या मधोमध चिकटवून करतात आणि नंतर अडीच मिलीमीटरपर्यंत तासतात. चिकटवण्याआधी दोन्ही फळ्या कडेला कड लावून खिडकीसमोर धरायच्या. मधून उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा रंधा. गिटारकार जगभर हीच परीक्षा करतात. मला ती नवीन नव्हती. आपल्या सुतारकामाच्या सरांनी पाट करायला शिकवला तेव्हा हेच करायला लावलं होतं. "उजेड दिसतोय, परत जा," एवढंच ते म्हणायचे. वर्गातल्या प्रत्येकानं हे वाक्य निदान चार वेळा ऐकलं असेल.

कडा दोन मिलीमीटर जाडीच्या. त्या पाण्यात भिजवून तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वाकवायच्या. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. जवळच्या कोळीवाड्यात होड्या बांधणारे एक वयस्क कारागीर आहेत, त्यांना मी काका म्हणतो. होडीची फळी शेकवून वाकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नळी आणि पट्टी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि हसले. "ही फळी हाय का पापड?" मग नळीवर पाण्याचा थेंब टाकून ताप पाहिला आणि पट्टी टेकवून नुसते थांबले. मी जोर लावायला गेलो तर म्हणाले, "थांब जरा. शेकली की ती आपनच सांगल." आणि खरोखरच, एका क्षणी लाकडाचा ताठा गेला आणि पट्टी नळीभोवती वळली. लाकडातला चिकट अंश उष्णतेनं सैल होतो, थंड झाला की नव्या आकारात घट्ट होतो. शास्त्र एवढंच आहे. पण ती वेळ कुठली, हे काकांच्या बोटांना कळतं. त्यांच्याकडे आता वर्षाला एखादीच होडी येते. बाकीच्या फायबरच्या. मुलगा कंपनीत नोकरीला आहे.

पडद्यांचं, म्हणजे बोटपट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचं, गणित वेगळं. आपल्या सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारीचे पडदे एकदा ठोकले की कायमचे. म्हणून त्यांच्या जागा आधी हिशोबानं ठरवाव्या लागतात. गॅलिलिओचे वडील विन्सेंझो गॅलिली यांनी 1581 च्या आपल्या ग्रंथात एक सोपा नियम दिला: उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजायचा आणि तिथे पडदा. दियासनं लिस्बनमध्ये ते लहान वाद्य केलं तेच हे वर्ष. या नियमानं बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर यायला हवा, पण थोडा चुकतो. माझ्या 58 सेंटीमीटरवर तो 2 मिलीमीटरनं चुकला असता. आजचे कारागीर अठराऐवजी 17.817 नं भागतात. त्याप्रमाणे पहिला पडदा 32.55 मिलीमीटरवर, दुसरा त्यापुढे 30.73 वर, आणि बारावा बरोबर 290 वर आला. दहावीला गणिताच्या सरांनी भूमिती श्रेढी शिकवली तेव्हा 'याचा उपयोग काय' असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं. सर, उपयोग हा. उशीर झाला, पण उत्तर मिळालं.

चिकटवण्याच्या कामाला मात्र पंचांग पाहावं लागलं. पाटीच्या आतून स्प्रूसच्या बारीक पट्ट्या पंख्यासारख्या बसवतात. ही तोरेसच्या पद्धतीची रचना. माझ्या लहान पाटीला पाच पट्ट्या पुरल्या. सहा नायलॉनच्या तारांचा ताण मिळून चाळीस किलोच्या आसपास जातो, तो या काडीएवढ्या पट्ट्या पेलतात. ओल्या हवेत पाटी फुगलेली असताना त्या चिकटवल्या, तर कोरड्या दिवसांत पाटी आकसते आणि तडकते. म्हणून हे काम पौष-माघात, सकाळी मतलई वारे वाहत असताना करायचं. दुपारी खारे वारे सुरू झाले की हत्यारं आवरायची. पावसाळ्यात फक्त मापं काढायची आणि पटाशांना धार लावायची. दोन वर्षं लागली त्याचं कारण हेच.

शेवटी पॉलिश. जुन्या गिटारींना लाखेचं पॉलिश असतं, त्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात. नाव फ्रेंच, पण लाख आपली. पळस, कुसुम, बोर या झाडांवरचा किडा ती तयार करतो आणि ती जगाला पुरवण्यात हिंदुस्थान शतकानुशतकं पुढे होता. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून कापडाच्या बोळ्यानं पातळ थर देत जायचं. हवा दमट असली की थर पांढुरका पडतो, तेव्हा तेही थंडीतच. आपल्या गावातल्या जुन्या फर्निचरवाल्यांना हे काम तोंडपाठ आहे. त्यांना फक्त कुणी गिटार आणून दिलेली नाही.

एवढा सगळा प्रपंच सांगितला तो एका विनंतीसाठी. हे वाद्य करताना ज्यांच्याकडे जावं लागलं, ते सगळे आपल्या पंचक्रोशीतले होते. फळी वाकवणारे, पॉलिश करणारे, वखारीत हात फिरवून शिवण निवडून देणारे. हवाईत जे चार माणसांनी जमवलं, त्यातलं लाकूड आणि हात इथे आजही आहेत. पण हात म्हातारे होत आहेत. काकांच्या बोटांत आहे ते लिहून ठेवता येत नाही, त्यांच्या शेजारी उभं राहूनच घ्यावं लागतं.

आपल्या शाळेत आठवड्याला दोन तास सुतारकाम होतं. ती खोली आता अडगळीची आहे. गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीनं मी ती उघडून पाहिली. दोन बाकं शाबूत आहेत. एका शिकंज्याचा आटा गेला आहे, तो बदलता येईल. रंधे, करवती, गुण्या आणि गिरमिटं पेटीत आहेत, गंजली आहेत पण मोडलेली नाहीत. झाकणावर सरांच्या अक्षरात हत्यारांची यादी अजून चिकटलेली आहे. सर संमेलनाला येणार आहेत, त्यांनी ती पेटी एकदा पाहावी अशी इच्छा आहे.

आपल्या तुकडीनं शाळेला काय द्यावं यावर दोन बैठका झाल्या. पाण्याचं यंत्र, प्रोजेक्टर, कमान अशी नावं पुढे आली. सगळी चांगली आहेत. माझी सूचना त्यांत एक भर म्हणून घ्यावी: ही खोली पुन्हा सुरू करू. आठवी-नववीची सहा-सात मुलंमुली, शनिवारचे दोन तास, वर्षाला एक लहान गिटार. काकांनी कडा वाकवून दाखवायला येण्याचं कबूल केलं आहे. शाळेत संगीताच्या बाई आहेत, म्हणजे वाजवणारेही तिथेच तयार होतील. चौलला जो शेजार जुळला नाही, तो दोन खोल्यांच्या अंतरावर जुळू शकतो. खर्च कमानीपेक्षा कमी येईल, हिशोब मी मांडून ठेवला आहे.

मी केलेली गिटार संमेलनाच्या दिवशी सगळ्यांना पाहायला आणि वाजवायला मिळेल. नंतर ती संगीताच्या वर्गातच राहील. तारांचं जादा पाकीट कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आहे. पावसाळ्यात ती पिशवीत घालून आतल्या भिंतीला टांगावी, बाहेरच्या भिंतीला नको. तिला ओल येते.